भट्टीच्या टोकाचं झाकण

मुलांनो, हातभर लांब काचेची एक नळी डोळ्यांसमोर आणा. दोन्ही तोंडं वितळवून बंद केलेली आणि आत एका टोकाला चिमूटभर जांभळी पूड. आता ही नळी भट्टीत आडवी ठेवा. पूड आहे ते टोक खूप तापवायचं, दुसरं जरा कमी. पुडीची वाफ होते, सावकाश पलीकडे जाते आणि कमी तापलेल्या टोकाशी पापुद्र्यावर पापुद्रा चढवत बसते. असा स्फटिक वाढतो.

अल्माटीतल्या एका प्रयोगशाळेत बालझान अशीच नळी राखत बसली होती. हे स्फटिक अतिशय थंड केले, की एका पापुद्र्यातले सगळे अणू चुंबकासारखे एकाच दिशेला तोंड करतात आणि खालच्या पापुद्र्यातले बरोबर उलट. यातला एकच पापुद्रा सुटा केला तर तो कसा वागेल, हे तिला मोजायचं होतं. त्यासाठी नखाएवढा तरी स्फटिक हवा. आधीच्या नळ्यांत नुसता चुरा निघाला होता. याही खेपेला तेच झालं, तर भट्टी दुसऱ्या गटाकडे जाणार होती.

भट्टी जुनी. तापमानाचा आकडा मधूनच घसरायचा, म्हणून कुणीतरी समोर बसायलाच हवं. बालझानचे डोळे चुरचुरत होते, पाठीचं लाकूड झालं होतं. रविवारी घरी कुणी नाही, म्हणून नऊ वर्षांची लेक इंजूही सोबत आली होती.

"अपा, केवढा झालाय बघू ना!" इंजू आईला म्हणाली.

दुधाचा चहा घेऊन आलेले म्हातारे सहकारी, सेराली-आगा, हसले. "चाळीस दिवस उलटल्याशिवाय बाळ परक्यांना दाखवतो का आपण? तू मात्र जन्माची भोचक!"

"नजरेचं राहू द्या, आगा," बालझान जांभई आवरत म्हणाली. "इंजू, भट्टीच्या टोकाचं झाकण काढलं की गार हवा आत शिरते. मग एकाऐवजी शेकडो बारीक स्फटिक एकदम धरतात. पूड सगळ्यांत वाटली जाते आणि मोठा कुणीच होत नाही."

"मग काहीच करता येत नाही?"

"लगेच कळलं तर येतं. ते टोक थोडा वेळ जास्त तापवायचं, म्हणजे बारीक असतात ते परत वाफ होऊन जातात. पण त्यांनी अंग धरलं की संपलं."

आगा गेले. बालझान बाकावर कलंडली. "आकडा हलला तर हाक मा..." म्हणता म्हणता झोपली. एक बूट पायात, एक खाली.

इंजूने आकड्याकडे बघितलं. मग झाकणाकडे. जाड हातमोजा चढवून तिने ते हळूच ओढलं. आत लालभडक उजेड, दुसरं काहीच दिसेना. तिने घाईघाईने ते परत बसवलं. आकडा भराभर खाली गेला, थांबला, पुन्हा चढत जागेवर आला.

कुणाला कळणार नव्हतं. चुरा निघाला तर आई म्हणेल, नशीबच असं.

आईच्या कपाळावरची आठी किती तरी दिवसांनी गेली होती. इंजूने आपला कोट तिच्या अंगावर घातला आणि खुर्चीत येऊन बसली. आकडा अगदी शहाण्यासारखा स्थिर होता.

ती उठली. हातमोजा न काढताच तिने आईचा खांदा गदागदा हलवला.

"अपा, ऊठ. मी झाकण काढलं होतं. आत्ताच."