कापलेलं वाक्य

शाळेतून आल्या आल्या सईने दप्तर सोफ्यावर भिरकावलं आणि फोन आईच्या नाकासमोर धरला. "बघ. अख्ख्या आठवीने बघितलाय. आता तूही बघ."

नेत्रा कणीक मळत होती. पिठाच्या हातांनी फोन घेता येईना, म्हणून सईनेच तो तसाच धरून ठेवला. पडद्यावर नेत्रा होती. मोरपंखी कुर्ता, मागे 'शिखर मॅथ अकॅडमी'चा निळा बोर्ड. ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणत होती, "माझी मुलगी गणितात ढ आहे." खाली जाड पिवळ्या अक्षरांत त्याचं इंग्रजी, आणि त्यातला शब्द तर 'ढ'पेक्षाही वाईट. मग ढोल बडवल्यासारखं संगीत, वर्गात मान खाली घालून बसलेल्या सईचा फोटो, लगेच दुसरा, हातात पदक घेऊन हसणाऱ्या सईचा. शेवटी गुरुनाथ सर, हाताची घडी घालून: "तुमचंही मूल असंच आहे का? आजच फोन करा."

"हे मी असं बोलले नव्हते," नेत्रा म्हणाली.

"आवाज तुझा आहे. तोंड तुझं आहे."

"अगं, त्याच्या आधी आणि नंतर मी..."

"यू सेड इट, आई." सई खोलीत गेली. दार आपटलं नाही, नुसती कडी घातली. ते आपटण्यापेक्षा जास्त लागलं.

वर्षभरापूर्वी नेत्राच्या नवऱ्याची, प्रथमेशची नोकरी बदलली आणि शाळेचं वर्ष अर्ध्यावर टाकून हे कुटुंब अमेरिकेतल्या अमेरिकेत जर्सी सिटीहून डॅलसजवळच्या अर्विंगला आलं. नव्या शाळेत बीजगणित बरंच पुढे गेलेलं होतं. सई मागे पडली, मग घाबरली, मग हात वर करायचीच बंद झाली. कुणीतरी गुरुनाथ देवस्थळींच्या क्लासचं नाव सुचवलं. डोसा सेंटर आणि आयब्रो पार्लरच्या मधल्या गाळ्यात त्यांचा क्लास. गृहस्थ मूळचे सांगलीचे. आयटीतली नोकरी गेल्यावर त्यांनी हा उद्योग काढला होता. शिकवायचे खरोखर छान. सईला त्यांनी शनिवारी वेगळं बसवून शिकवलं, आणि वसंतात तिला जिल्ह्याच्या स्पर्धेत पदक मिळालं.

म्हणूनच, "नेत्राताई, दोन शब्द बोलाल का कॅमेऱ्यासमोर? हल्ली जाहिरात म्हणजे व्हिडिओ, दुसरं काही चालतच नाही," असं त्यांनी विचारलं तेव्हा नेत्रा आनंदाने खुर्चीत बसली. बोलता बोलता रंगली. ती म्हणाली होती, "आम्ही इथे आलो तेव्हा शाळेत सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं, की माझी मुलगी गणितात ढ आहे. मला ते एक दिवसही पटलं नाही. तिला फक्त घाई न करता शिकवणारं कुणीतरी हवं होतं." कात्री लावणाऱ्याने डोकं सोडून दिलं, शेपूट सोडून दिलं आणि मधला तुकडा तेवढा उचलला.

हात धुऊन तिने लगेच सरांना फोन लावला.

"अहो, अभिनंदन!" पलीकडून आवाज आला. "तुमचा व्हिडिओ तुफान चाललाय. डॅलसमधून चौकशा येतायत."

"सर, तो आत्ताच्या आत्ता काढा. मुलं सईला चिडवतायत. माझं वाक्य तुम्ही तोडलंय."

"तोडलं नाही, आटोपशीर केलं. आणि पुढे पदक दाखवलंय ना? गोष्ट गोड संपते."

"ती गोष्ट नाहीये. माझी मुलगी आहे."

"ताई, तुम्ही रागात आहात. दोन दिवसांनी बोलू." आणि फोन बंद. त्यानंतर त्यांनी तिचा फोन उचलला नाही.

रात्री जेवताना सई कानांत हेडफोन घालून बसली. प्रथमेश लॅपटॉप मिटता मिटता म्हणाला, "सोड ना यार. पंधरा दिवसांत लोक विसरतील. इथे आपली ओळख किती, त्यात कशाला वाईटपणा घ्यायचा?"

"लोक विसरतील. ती विसरेल?"

"तू पण जरा विचार करून बोलायला हवं होतंस."

नेत्राच्या अंगाचा तिळपापड झाला. पण सई समोर होती, म्हणून तिने घास गिळला आणि शब्दही.

पुढचे दिवस घरात उन्हासारखे गेले, सावली कुठेच नाही. सई तुटक बोलायची. क्लास तिने सोडला. बसमध्ये दोन मुलं तिला बघून व्हिडिओतल्या ठेक्यावर तो इंग्रजी शब्द म्हणायची, हे नेत्राला शेजारणीकडून कळलं. लेकीने सांगितलं नाही. "मी अर्धंच बोलले नव्हते," असं नेत्रा पुन्हा पुन्हा सांगायची, आणि सई दर वेळी विचारायची, "प्रूफ?" प्रूफ कुठे होतं? मूळ चित्रीकरण गुरुनाथ सरांकडे.

त्या शनिवारी कम्युनिटी हॉलमध्ये अकॅडमीचा नव्या-जुन्या पालकांसाठी मेळावा होता. नेत्रा गाडीची किल्ली उचलत होती तोच सई पायात बूट घालून उभी.

"मी पण येते."

"तू कशाला?"

"बघायचंय मला, तू काय करतेस ते." आवाजात माया नव्हती. परीक्षा घ्यायला निघालेली होती ती.

हॉल गच्च भरलेला. समोर भला मोठा पडदा, कडेला सामोसे आणि आंब्याची लस्सी. सरांची बायको ज्ञानदा दाराशी हसून स्वागत करत होती. नेत्राला बघून तिचं हसू विरलं. दिवे मालवले आणि पहिलाच व्हिडिओ लागला तो नेत्राचा. "माझी मुलगी गणितात ढ आहे," तिचा आवाज चारी भिंतींतून घुमला. लोक मनापासून हसले. शेजारी बसलेल्या सईने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

दिवे लागताच नेत्रा उभी राहिली. "सर, हे वाक्य अर्धं आहे. पूर्ण रेकॉर्डिंग लावा."

गुरुनाथ सरांनी माइक हनुवटीपाशी नेला. "ताई, प्रश्नोत्तरं शेवटी."

"आत्ता. माझी मुलगी इथे बसलीये. तिच्यासमोर लावा."

"अहो, हे नंतर बोला ना," मागून कुणी बाई वैतागल्या. "आम्ही लांबून ड्राइव्ह करून आलोय."

"बघा," सर हॉलकडे वळले. "पदक मिळालं तेव्हा पेढे वाटले यांनी. क्लासचं नाव झालं की मात्र पोटात दुखतं. माणसं अशीच असतात."

हशा पिकला. नेत्राच्या कानशिलांवर चटका बसावा तसं झालं. तेवढ्यात बाजूची खुर्ची करकरली. सई उभी होती.

"सर," ती इंग्रजीत म्हणाली, "त्या वाक्यानंतर आई काय म्हणाली होती?"

एवढ्या लोकांसमोर मुलीशी गोड बोलावं, असं सरांना वाटलं असावं. ते दोन पावलं पुढे आले. "बरंच काही म्हणाली, बेटा. शाळेचं चुकलं, तिला ते पटत नाही, तू हुशार आहेस, वगैरे वगैरे. पण आईने मुलीचं कौतुक केलेलं कोण बघतं? फोनवरचा अंगठा पुढे सरकतो. अंगठा थांबतो तो असल्या वाक्यापाशी. याला मार्केटिंग म्हणतात. मोठी झालीस की कळेल."

ते हसले. त्यांच्याबरोबर या वेळी कुणीच हसलं नाही.

दुसऱ्या रांगेतले एक काका हळूच म्हणाले, "म्हणजे तुम्ही वाक्य कापलंत."

"एडिट केलं. सगळेच करतात."

"आमच्या वेदचाही घेतलाय तुम्ही व्हिडिओ. त्याच्या तोंडी काय घातलंय?"

"तसं काही नाही हो..."

"तो आधी दाखवा. मग सामोसे खाऊ."

मग तीन-चार आवाज एकदम उठले. ज्ञानदा लगबगीने माइककडे धावली. त्या गोंधळातून नेत्रा आणि सई बाहेर पडल्या.

पार्किंगमध्ये डांबर तापून मऊ झालं होतं. गाडीची काच खाली करून दोघी आत बसल्या. आता लेक गळ्यात पडेल, असं नेत्राला वाटलं होतं. सई समोर बघत म्हणाली, "ठीक आहे. तू पूर्ण बोलली होतीस."

"हो ना."

"पण बोललीसच कशाला? माझ्याबद्दल. त्याच्या बिझनेससाठी. मला एकदा तरी विचारलंस?"

कितीतरी उत्तरं नेत्राच्या ओठांवर आली. कौतुक वाटलं म्हणून, उपकार फेडावे म्हणून, सगळ्यांना कळावं म्हणून. त्यातलं एकही सईसाठी नव्हतं.

"नाही विचारलं," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं."

"हो," सई म्हणाली आणि तिने काच वर केली.

सोमवारी व्हिडिओ उतरला. सरांनी माफी मागितली नाही. काही पालकांनी मुलांना काढून घेतो म्हटलं, म्हणून उतरवला. पालकांच्या ग्रुपवर मात्र सरांनी लांबलचक मजकूर टाकला. काही 'नकारात्मक' लोकांना मराठी माणसाची प्रगती बघवत नाही, असा त्याचा सूर. नाव कुणाचंच नव्हतं आणि कळलं सगळ्यांना. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं त्या वर्षी दोन घरांतून आलं नाही.

पुढे एकदा किराणा दुकानात, डाळींच्या रांगेत, ज्ञानदा समोर आली. ट्रॉली आडवी घालून म्हणाली, "पोटावर पाय दिलात आमच्या. निम्मी बॅच गेली. तुमच्या मुलीला सरांनी शनिवार-शनिवार फुकट शिकवलं, ते विसरलात?"

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच झोंबलं. नेत्राने हातातलं तूरडाळीचं पाकीट खाली ठेवलं.

"विसरले नाही. परक्याने माझं वाक्य कापलं असतं तर इतका राग आला नसता."

"माजोरी आहात," ज्ञानदा म्हणाली आणि ट्रॉली ढकलत निघून गेली. त्यानंतर मराठी मंडळाच्या कार्यक्रमात दोघी हॉलच्या दोन टोकांना बसतात. मधल्या लोकांनाही कुठे बघावं ते कळत नाही.

बसमधली मुलं आणखी काही दिवस ओरडली. सईने शाळेच्या काउन्सेलरला गाठून त्यांची तक्रार स्वतःच केली, आईला बरोबर येऊ दिलं नाही. गणित ती आता शाळेतल्या बाईंकडे जेवणाच्या सुट्टीत करते. मार्क किती पडले ते नेत्राला सांगते, कधी चांगले असतात, कधी नसतात. पण ते बाहेर कुणालाही सांगायचे नाहीत, अशी तिची अट आहे. आजीचा फोन आला आणि ती नातीच्या अभ्यासाची चौकशी करू लागली, की नेत्रा म्हणते, "थांबा, तिलाच देते," आणि फोन सईच्या हातात देते.