चौथी नळी

नळीच्या तळाशी रक्तपेशींचं लाल बटण. मसुराच्या दाण्याएवढं, काचेला घट्ट चिकटून बसलेलं… आणि ते सुटण्याची वाट बघायला हवी तर हात नळी तिरकी करायलाच तयार नाही. इतकी वर्षं रक्तपेढीत मुरलेला हात, शिकाऊ मुलींपुढे ती ज्याचा तोरा मिरवायची तो हात! आज त्याच्या मनगटात एक झटका दडून बसला होता, आणि त्याला आवरताना तिला घाम फुटला होता.

हळूच तिरकी करा गं. बटण आपणहून सुटू द्या. धुरासारखं सरळ वर आलं तर काही नाही. वाळूसारखे कण दिसले तर पेशी एकमेकींना चिकटल्यात. आणि जोरात झटकलंत तर नाजूक कण फुटतात, मग धूरच दिसतो, आणि तो खोटा असतो — सकाळीच तर तिने हे मुलींना बजावलं होतं. फळ्यावर हिशेबही मांडला होता: एक भाग सीरम, म्हणजे रक्तावरचं पिवळसर पाणी, एक भाग मिठाचं पाणी, झाले दोन, त्यातलं निम्मं पुढच्या नळीत, पुन्हा तेवढंच पाणी, झाले चार, मग आठ, सोळा, बत्तीस; शेवटी प्रत्येक नळीत तपासणीच्या लाल पेशींचा थेंब. कण दिसतील ती शेवटची नळी म्हणजे आपला आकडा. आठपर्यंत नुसतं लक्ष ठेवायचं, सोळा आले की डॉक्टरांना तडक कळवायचं. एका मुलीने एका भागात दोन भाग पाणी घालून सगळ्या ओळीची वाट लावली, तेव्हा ती हसली होती. हसू आलं होतं हे आता तिला खरं वाटेना.

सोळा म्हणजे चौथी नळी, आणि रक्त धाकटीचं. धाकट्या बहिणीचा गट निगेटिव्ह, तिच्या नवऱ्याचा पॉझिटिव्ह. पहिल्या खेपेचं बाळ पोटातच गेलं, त्या रडारडीत निगेटिव्ह आईला द्यायचं इंजेक्शन राहून गेलं, आणि तेव्हापासून धाकटीच्या रक्तात बाळाच्या पेशींवर चालून जाणारी ही फौज तयार होऊन बसलेली. आता पुन्हा सहावा महिना. पोटातलं ते हल्ली लाथा मारतं म्हणे, आणि तेही नेमकं जेवताना.

"ताई, सोळा म्हणजे पास की नापास?" मागच्या महिन्यात फोनवर धाकटीने विचारलं होतं.

"नापास. तुला आठ आहेत. गपचूप झोप आता."

किती सुखाने सांगितलं होतं ते आठ! खरं तर घरच्या माणसाची नळी आपण वाचायची नसते, पण भिंगबाई त्या दिवशी रजेवर — भिंगबाई म्हणजे शेजारच्या टेबलावरची, जाड चष्म्याची, तोंडाने फटकळ, नजरेने पक्की. ती नव्हती, म्हणून मी वाचली. चौथी नळी तिरकी केली, बटण सुटलं, धूर होता… धूरच होता. आणि झटका? दिला होता का मी झटका? सवयीने, मायेने, कशानेही? धूर होता म्हणून हात निवांत झाला, की हाताने झटकलं म्हणून धूर दिसला? महिनाभर हा प्रश्न तिला पडला नव्हता, आणि आता पडला तो नेमका हीच नळी हातात असताना.

आई दुपारी झोपली की दोघी बहिणी सरबत चोरायच्या. एक पेला, निम्मं पिऊन तेवढंच पाणी, पुन्हा निम्मं, पुन्हा पाणी. गुलाबी रंग कधीच उडालेला असायचा. "संपलं गं, नुसतं पाणी आहे," ती म्हणायची, कारण तिला पेला विसळून जागेवर ठेवायची घाई. आणि धाकटी पेल्यात नाक खुपसून हटून बसायची — "नाही ताई, मला अजून गोड लागतंय." लागतच असणार. ताईने दटावलं म्हणून ती गप्प व्हायची, एवढंच.

तिने चौथी नळी न हलवता स्टँडमध्ये परत ठेवली. दोन ओळी होत्या: एक आजच्या रक्ताची, दुसरी मागच्या महिन्यातल्या, गोठवून ठेवलेल्या सीरमची. आकडा खरंच वाढला का, हे कळायला दोन्ही एकाच दिवशी, एकाच हाताने लावायच्या असतात. नावांवर तिने कागदाची पट्टी गुंडाळली.

"जरा वाचून देतेस? माझे डोळे दुखताहेत."

"डोळे की डोकं?" भिंगबाई म्हणाली, आणि खुर्ची ओढून दिव्याखाली बसली. एकेक नळी अशी अलगद तिरकी करी, की बघवत नव्हतं. पहिली ओळ संपली. दुसरी संपली.

"सोळा," भिंगबाई म्हणाली. "दोन्हीकडे सोळा. चौथीत बारीक आहेत कण, पण आहेत." तिने पट्ट्या सोडून नाव आणि तारखा वाचल्या. "म्हणजे महिन्याभरात वाढ नाही. बरंच आहे की!" मग नोंदवही चाळून, चष्मा कपाळावर सरकवत, "पण मागच्या खेपेला तर आठ लागले होते ना? कुणी वाचलं होतं?"

तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो आता अगदी शांत होता, मघाचा झटका त्यात कुठेच नव्हता.

"मी," ती म्हणाली.

भिंगबाईने चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. "बाळ हलतंय ना पण?" तिने विचारलं.

"हलतंय." तिने फोन हातात घेतला, डॉक्टरांचा नंबर काढला. एक महिना. आपण त्या बाळाचा एक महिना पाण्यात घातला असेल किंवा नसेलही, आणि यातलं काय ते आज कुठलीच नळी सांगणार नव्हती. भीती होतीच, उलट वाढली होती. पण मघापर्यंत ती चौथ्या नळीची होती, आता बाळाची होती, आणि तिच्यापुढे तो खोटा धूर नव्हता. नंबर दाबणार तोच पडद्यावर धाकटीचं नाव उजळलं. फोन हातात थरथरू लागला, पोटातून लाथ मारावी तसा, पुन्हा पुन्हा.

गोड लागतंय गं अजून, तिने मनात म्हटलं. तुझंच खरं होतं.