वीस जणांचा हात

यंत्राला माणसाचं मन कळावं म्हणून माझा धाकटा भाऊ उभं आयुष्य झिजला, असं लोक म्हणतात. झिजले मी!

अपघातापासून मानेखाली माझा फक्त उजवा खांदा हलतो, तोही जेमतेम. भावाने माझ्या खुर्चीला एक यांत्रिक हात बसवला. खांदा किती उचलला की घास हवा, किती पाडला की पुरे, हे तो हात माझ्याकडून शिकला. दोन महिने अन्न नाकाकानात गेलं. मग एक दिवस कुणी न भरवता मी पोटभर जेवले. ढसाढसा रडले, खोटं कशाला बोलू? पुढची सहा वर्षं तशीच जेवले.

त्या कामावर भाऊ प्राध्यापक झाला. मग कुणा परीक्षकांनी नाक मुरडलं, म्हणे एकाच बाईवर चालतं, हे कसलं संशोधन? झालं! भावाने वीस धडधाकट पोरं जमवली आणि हाताला नव्याने शिकवलं. आकडे झकास आले, पेपर छापून आला.

हात परत माझ्या खुर्चीला लागला. मी खांदा उचलला, हात ढिम्म. जीव खाऊन उचलला, तेव्हा चमचा गालावर आपटला.

"ताई, जरा नीट उचल ना."

"मेल्या, नीट उचलता आला असता तर हे धूड कशाला हवं होतं? आधीचं घाल परत!"

त्याने मान खाली घातली. वीस जणांचं भरताना माझं पुसलं गेलं होतं. प्रत ठेवायचं राहिलं, एवढ्या शहाण्याचं! "पुन्हा शिकवू," म्हणाला. पण हात संस्थेचा, आणि संस्थेला आता तो कारखान्यांना दाखवायचा होता. आठवड्यात घेऊन गेले.

परवा भावाचा मोठा सत्कार झाला. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. पडद्यावर मी जेवत होते, जुनी मी, चांगली ऐटीत. टाळ्यांनी सभागृह दणाणलं.

नंतर जेवताना भावजय मला भरवत होती. एक पाहुणे भावाला घेऊनच आले. "ताई, धन्य तुमची! पण तो हात कुठाय?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. पाठचा भाऊ पडला ना! जीभ आवरली मी.

"आज घरी राहिला," म्हटलं.

तो हसला. सुटल्यासारखा हसला, मेला. बाकी सगळं सोडून देईन, ते हसणं मात्र त्याला कधी माफ करणार नाही.