सालामिसच्या खाडीतली होडी

मित्रांनो, अथेन्सजवळच्या फालेरॉनच्या वाळूवर एक जुनी होडी पालथी पडली आहे आणि तिच्या पाठीवर बायका अंजिरे वाळत घालतात. ती मी. माझ्या फळ्यांना भेगा पडल्या आहेत. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रंगवलेल्या दोन डोळ्यांपैकी एक पुसून गेला आहे. तरी माझी फारशी तक्रार नाही. जे कायमचे गेले असे मला वाटले होते, ते परत आले.

फानिअस नावाच्या कोळ्याने मला स्वतःच्या हातांनी बांधले. पार्नेस डोंगरावरचे पाइनचे लाकूड आणून त्याने फळीला फळी जोडली आणि फटींत राळ भरली. डोळे रंगवले ते त्याच्या बायकोने, मिक्काने. त्यातला एक जरा वर गेला.

"आता ही जन्मभर माशांकडे तिरकं बघणार," फानिअस म्हणाला.

"तू सरळ बघतोस, तरी जाळं रिकामंच आणतोस की," मिक्का म्हणाली.

दोघे रोज असेच बोलत आणि रोज बरोबरच मासेमारीला निघत. बाईमाणूस वल्हे मारते म्हणून लोक मिक्काला नावे ठेवीत. तिने कधी कान दिला नाही. सहा वर्षे मी त्या दोघांची बारीक मासळी वाहिली आणि तेवढ्यात सुखी होते.

मग इराणचा राजा उत्तरेकडून अफाट सैन्य घेऊन आला. अथेन्स रिकामे करा, असा हुकूम निघाला. पुरुषांनी लढाऊ जहाजांवर जायचे, बाकीच्यांनी पलीकडच्या सालामिस बेटावर. फानिअस आपले वल्हे आणि बसायची गादी घेऊन जहाजावर गेला. जाताना त्याने बजावले की शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा होडी जाळून टाक.

"मग तुझ्या आईला काय पाठीवर घेऊन पोहू?" मिक्का म्हणाली.

तीन दिवस ती मला एकटी वल्हवत होती. म्हातारी माणसे, तान्ही मुले, एक आजारी शेळी, सगळे आळीपाळीने माझ्यात बसले. फानिअसची आई फिलिन्ना कणीक मळायची परात छातीशी धरून बसली होती आणि मागे वळून पाहायला तयार नव्हती. बेटावर पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी आमच्या शहरावर धूर दिसला. तेव्हा ती परात पुढ्यात घेऊन कणीक मळायला बसली.

लढाई झाली तो दिवस मी किनाऱ्यावरून पाहिला. सकाळपासून खाडीत जहाजावर जहाज आदळत होते. दुपारी वारा फिरला आणि शत्रूची जहाजे मागे हटू लागली. आमची एकेक करून परत येऊ लागली. फानिअसचे आले नाही. त्या जहाजाची बाजू फुटताना पाहिली, असे कोणीतरी सांगितले.

मिक्काने मला पाण्यात ढकलले. पहारेकरी आडवा आला. लढाई अजून संपलेली नाही, असे म्हणू लागला. ती त्याच्या बाजूने निघून गेली.

मित्रांनो, त्या पाण्याबद्दल मी फार सांगणार नाही. तुटकी वल्ही होती, ढाली होत्या, माणसे होती. मिक्का एकेकाचा चेहरा पाही आणि पुढे जाई. एवढ्यात एका फळीला धरून असलेल्या माणसाने हाक मारली. बोली आमचीच होती, हेल मात्र समुद्रापलीकडचा.

"ताई, मी खिओस बेटाचा. हेर्मोन."

"कुणाकडून लढलास?"

तो खोटे बोलू शकला असता. "त्यांच्याकडून," तो म्हणाला. "माझ्या दोन मुली ओलीस ठेवल्यात त्यांनी."

मिक्काने वल्हे उचलले. ती मारणार की काय, हे मला खरेच कळले नाही. मग तिने वल्ह्याचे टोक त्याच्यापुढे धरले.

तो वर आला. त्याच्या मांडीत मोठी जखम होती. धाप टाकत त्याने सांगितले की खडकांकडे एक मोडकी डोलकाठी वाहत गेली आहे आणि तिला माणसे धरून आहेत. मिक्का तिकडे वळली. तिथे दोघे होते. एक अनोळखी तरुण खलाशी आणि दुसरा, खांदा निखळलेला, ओठ निळे पडलेला फानिअस.

चौघे झाल्यावर माझी कड पाण्यावर दोनच बोटे उरली. इतकी खोल मी कधी बसले नव्हते आणि इतके हलके मला कधी वाटले नव्हते. फानिअसचा हात चालेना, म्हणून त्याच्या जागी हेर्मोनने वल्हे घेतले.

"हा कोण?" फानिअसने विचारले.

"वल्हं मारतोय ना? बाकीचं काठावर विचार."

काठावर विचारणारे पुष्कळ होते. पहारेकऱ्याने हेर्मोनचा हेल ऐकला आणि भाला उचलला. तेव्हा फिलिन्ना गर्दीतून वाट काढत आली. तिने आधी मुलाच्या गालाला हात लावला, मग ती हेर्मोनच्या पुढे उभी राहिली.

"हा माझा पाहुणा आहे," ती म्हणाली. "आधी जेवेल. मग तुमचं काय ते बोला."

भाला खाली आला. हेर्मोन सातूची भाकरी खाता खाता रडू लागला. फानिअसने त्याच्यापुढे ऑलिव्ह सरकवले आणि काहीच विचारले नाही.

आम्ही परतलो तेव्हा घराच्या जागी राख होती. पण ती झाडायला सगळे जण होते. पुढल्या वर्षी खिओस इराणच्या राजापासून मोकळे झाले, हेर्मोन घरी गेला. मुली धडधाकट असल्याचा निरोप एका व्यापाऱ्याबरोबर आला, तो मिक्काने माझ्यात बसूनच ऐकला.

फानिअसचा खांदा पुरता बरा झाला नाही. मिक्का वल्हवी, तो जाळे टाकी, आणि आता नावे ठेवायला कोणी धजत नसे. पुढे ती दोघे थकली. शेजारच्या पिरेअसला मोठे बंदर झाले, मोठी जहाजे आली. मला कोणीतरी वाळूवर ओढून पालथे घातले. त्यालाही आता बरीच वर्षे झाली.

मित्रांनो, ज्या वस्तूंनी तुमच्या माणसांना सांभाळले, त्यांना थोडे सांभाळा. मला हार नको, नवा रंगही नको. वसंतात फटींत मूठभर राळ भरा आणि अंजिरे जरा बाजूला करून एकदा मला पाण्यात ढकला. मी अजून तरंगते.