तिपटीने अधिक

पाठ्यपुस्तकांच्या कार्यालयात त्यांना सगळे वेलांटीसाहेब म्हणत, पाठीमागे, अर्थात. समोर नुसतं साहेब. ते भाषेचे संपादक होते. पुस्तक कुठल्याही विषयाचं असो, छापखान्यात जाण्याआधी ते त्यांच्या टेबलावरून जायचं, आणि जाताना थोडं जड होऊनच जायचं. विज्ञानाच्या पुस्तकातलं 'पाणी उकळते' त्यांनी 'जलास उत्कलन प्राप्त होते' असं केलं होतं. मुलांना पाणी कळेनासं झालं, पण शुद्ध स्वरूपात.

यंदाच्या नव्या गणिताच्या पुस्तकात पहिल्याच पानावर, समितीच्या यादीत, त्यांचं नाव छापून आलं होतं. बारीक अक्षरात आणि खालून दुसरं, पण होतं. ते त्यांनी आधी बायकोला दाखवलं, मग शेजाऱ्यांना, आणि शेवटी मुलीला. मुलीला घरात बारकी म्हणत. थोरली कोणी नव्हती, तरी बारकीच. तिने त्या नावापुढे लाल पेन्सिलीने चांदणी काढली आणि वर्गभर पुस्तक फिरवून आणलं. तेव्हापासून तिच्या लेखी गणिताचं पुस्तक म्हणजे बाबांचं पुस्तक.

त्या रविवारी दुपारी बारकी जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसली होती. एकच गणित इतक्यांदा खोडलं होतं की कागदाला भोक पडायचं बाकी होतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिची आई बटणांचा डबा ओतून वेलांटीसाहेबांच्या शर्टाचं तुटलेलं बटण जुळवत होती.

"मला गणित येतच नाही," बारकी म्हणाली. रडायचं नाही असं ठरवलेला आवाज होता तो. "बाई म्हणाल्यात, ज्यांची उत्तरं पुस्तकाच्या मागे दिलेल्या उत्तरांशी जुळणार नाहीत, त्यांनी उद्यापासून कच्च्या मुलांच्या बाकावर बसायचं. माझं जुळतच नाही."

"अहो, बघा जरा," आई म्हणाली. "सकाळपासून झटतेय पोर."

वेलांटीसाहेबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. त्यात ते चुकांवर खुणा करत होते, रविवारचा विरंगुळा म्हणून. बाह्या सरसावून ते लेकीशेजारी बसले.

"गणित म्हणजे काय? भाषा! शब्द नीट वाचला की उत्तर आपण होऊन चालत येतं. वाच मोठ्यानं."

बारकीने वाचलं, "एका शिंप्याकडे काळी व पांढरी मिळून साठ बटणे आहेत. काळी बटणे पांढऱ्या बटणांपेक्षा तिपटीने अधिक आहेत. तर प्रत्येक रंगाची बटणे किती?"

"वा! काय स्वच्छ वाक्य आहे," वेलांटीसाहेब म्हणाले. "आता बघ. 'अधिक' म्हणजे काय? आधी आहे त्यात भर. पांढरी जेवढी, तेवढी काळी तर आहेतच. त्यावर आणखी तीन पट. म्हणजे पांढऱ्यांचा एक भाग, काळ्यांचे चार. एकूण पाच भाग. साठ भागिले पाच?"

"बारा," बारकी पुटपुटली. "पांढरी बारा, काळी अठ्ठेचाळीस. तेच तर आलंय मला, प्रत्येक वेळी!"

"मग रडतेस कशाला? बरोबर आहे."

"मागे पंधरा आणि पंचेचाळीस दिलंय."

वेलांटीसाहेबांनी पुस्तक उलटं करून मागचं पान पाहिलं. पंधरा आणि पंचेचाळीसच होतं. त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्याची चूक सापडली की त्यांना जेवणसुद्धा गोड लागायचं.

"छापखाना!" ते म्हणाले. "या छापखानेवाल्यांना उद्या असं पत्र लिहितो की नाव काढतील. बारके, तू बरोबर आहेस. पुस्तक चुकलंय."

बारकी हसली. दिवसभरात पहिल्यांदाच. आणि त्या हसण्याकडे बघता बघता वेलांटीसाहेबांना पुस्तकाच्या समितीची ती बैठक आठवली.

बैठक लांबली होती ती 'बटणे' की 'गुंड्या' या मुद्द्यावर. एक गट म्हणे, बटण हा परका शब्द, गुंडी आपली. दुसरा गट म्हणे, गुंडी लिहिली की मुलं फिदीफिदी हसतील. चहा झाला, वाद झाला, पुन्हा चहा झाला. मूळ गणित लिहिणारे वृद्ध प्राध्यापक कोपऱ्यात डुलक्या घेत होते. त्यांच्या हस्तलिखितात शब्द होता 'तिप्पट'. साधा, तीन पटीचा. वेलांटीसाहेबांना त्या शब्दाला बाजाराचा वास आला. त्यांनी तो खोडला आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'तिपटीने अधिक'. प्राध्यापकांनी जागे होऊन विचारलं होतं, "गणित तेच आहे ना?" आणि वेलांटीसाहेबांनी अभिमानाने सांगितलं होतं, "गणिताला हात लावलेला नाही. फक्त भाषा सुधारली."

गणित सोडवून मात्र कोणीच पाहिलं नव्हतं. गणिताच्या पुस्तकाची समिती होती ती, तिला तेवढा वेळ कुठून असणार?

त्यांनी पुस्तक पुन्हा सुलटं केलं. समोर पहिलं पान उघडं पडलं होतं आणि त्यावर ती लाल चांदणी. तीन पट घेतली की पंधरा आणि पंचेचाळीस. छापखाना धुतल्या तांदळासारखा स्वच्छ. उत्तर बरोबर, प्रश्न चुकलेला, आणि प्रश्नावर हात आपला.

आता खरं तर एक वाक्य बोलायचं होतं. पण सबंध आयुष्य दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेल्या माणसाला तेवढं एक वाक्य जुळवता येत नाही.

"थांब," ते खाकरून म्हणाले. "जरा घाई झाली माझी. पुस्तकाचंच बरोबर आहे. तिपटीने अधिक म्हणजे तिप्पटच."

"आत्ता तर तुम्ही म्हणालात, अधिक म्हणजे भर!"

"म्हणालो. पण भाषेत संदर्भ असतो. सौंदर्य असतं. इथे 'अधिक' हा शब्द शोभेसाठी आहे."

"शोभेसाठी?" आईने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं. "गणितात?"

"तू मध्ये बोलू नकोस."

बारकी मात्र गप्प बसणारी नव्हती. तिने आईच्या ढिगातून एक पांढरं बटण उचलून वडिलांसमोर ठेवलं. "तिपटीने अधिक म्हणजे तीन. दुपटीने अधिक म्हणजे दोन. बरोबर?"

"बरोबर."

"मग एकपटीने अधिक म्हणजे एक." तिने शेजारी एक काळं बटण ठेवलं. "एक पांढरं, एक काळं. सांगा, यात अधिक कुठंय?"

वेलांटीसाहेबांनी बटणांकडे पाहिलं. समितीतल्या एकाही विद्वानाला न सुचलेला प्रश्न सहावीतल्या पोरीने विचारला होता. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर त्यांनी तिची पाठ थोपटली असती. स्वतःच्या मुलीपुढे मात्र त्यांची जीभ नको तेवढी सुटली.

"फाटे फोडू नकोस! चार थोर माणसं बसून पुस्तक करतात. पुस्तकात चूक नसते. चूक आपली असते. खोड ते आणि पंधरा लिही!"

बारकीने मान खाली घालून बारा खोडले, पंधरा लिहिले. बटणं तिने पुन्हा ढिगात टाकून दिली.

वेलांटीसाहेबांचा जीव भांड्यात पडला. ते वर्तमानपत्राकडे वळले, पण लक्ष लागेना. बारकी आता भराभर लिहीत होती. एक गणित झालं, दुसरं झालं. एवढ्या वेगाने? त्यांनी वाकून पाहिलं. तिचा डावा अंगठा पुस्तकाच्या शेवटच्या पानात अडकवलेला होता. ती आधी उत्तर बघायची, ते वहीत लिहायची आणि मग वरच्या रिकाम्या जागेत ते उत्तर येईल अशा बेताने आकडे भरायची.

"हे काय करतेस?"

"आधी उत्तर बघतेय. म्हणजे आपली चूक होत नाही."

त्यांना स्वतःची लाज वाटली. इतकी की आईने शर्ट पुढे केला तरी तो हातात घेण्याचं भान राहिलं नाही.

"बारके, ऐक," ते म्हणाले. "तुझं बारा बरोबर होतं. त्या प्रश्नात चूक आहे, आणि ती मी केलीये. तिथं तिप्पट होतं. मी बदललं."

आईचे हात थांबले. बारकीने वर पाहिलं, आणि समजूतदारपणे हसली. आजारी माणसाशी हसावं तसं.

"राहू दे बाबा. मला बरं वाटावं म्हणून सांगताय ना?"

"नाही गं, खरंच!"

"तुमचं नाव आहे पुस्तकात," बारकी म्हणाली. "चूक असती तर तुम्ही राहू दिली असतीत का?"

सवयीने वेलांटीसाहेबांनी त्या वाक्यात चूक शोधली. एकही नव्हती. बारकीने अंगठा होता ते पान उघडलं आणि पुढच्या गणिताचं उत्तर वहीत उतरवून घेतलं.