टेकवा!

"झालं," दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा घट्ट धरून क्रेन म्हणाला. "संपलं सगळं. उद्या त्या घर घेणाऱ्या माणसाला घर दाखवून टाक."

"खाली तर म्हणत होतात, चौथा मजला म्हणजे हातचा मळ," मागून येणारी बायको म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता.

क्रेन हे त्याचं नाव नव्हे. सामान हलवणाऱ्या कंपनीतल्या गड्यांनी ते ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल होतं, की बायकोसुद्धा त्याला त्याच नावाने चिडवायची. निमोनियाने त्याला आडवा केला आणि तेव्हापासून दोघं त्याच्या बहिणीच्या तळमजल्यावरच्या खोलीत पडून होती. स्वतःचं घर चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. आज जिना चढता आला तर घर राहणार, नाहीतर विकायचं, असं ठरलं होतं. त्या घरातली एकूण एक वस्तू त्याने स्वतःच्या पाठीवरून वर नेली होती.

"काका, अजून दोन पायऱ्या चढा बघू," व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली.

तो चढला. ओठ घट्ट मिटलेले, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या.

"अहो, तुम्ही श्वासच घेत नाही आहात!"

"ओझं उचलताना श्वास कोंडायचा असतो. पाठ ताठ राहते. उभा जन्म तेच केलं."

"ओझं कुठाय?" बायकोने विचारलं.

क्रेनने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"पायांत आग होतेय ना?" मुलगी म्हणाली. "स्नायूंच्या पेशींत साखर असते, ते तुमचं इंधन. प्राणवायू मिळाला की पेशी ती पूर्ण वापरतात, भरपूर ताकद निघते. नाही मिळाला तर साखर अर्धवटच मोडते. ताकद निघते चिमूटभर, आणि स्नायूंत आम्ल साठतं. त्याचीच ही आग."

"म्हणजे पाय गेले नाहीत?"

"पाय ठणठणीत आहेत. नुसते उपाशी आहेत. कपाट पटकन उचलायला ती चिमूट पुरते, चार मजल्यांना नाही पुरत. चढताना बोलत राहा. बोलवेनासं झालं की थांबा. प्राणवायू पोचला की साठलेलंही हळूहळू निस्तरतं."

थांबणंच तर अवघड होतं. जिन्यावर सगळ्यात जास्त भार खालच्या माणसावर येतो, म्हणून थांबवण्याचा हक्क फक्त त्याचा. तो "टेकवा!" म्हणाला की सगळ्यांनी सामान टेकवायचं, असा गड्यांचा रिवाज. क्रेन कायम खालच्या बाजूला असे आणि तो शब्द त्याने जन्मात उच्चारला नव्हता. त्याची त्याला केवढी घमेंड होती!

"बोला काहीतरी," बायको म्हणाली.

"काय बोलू?"

"संसारात कधी सुचलं नाही, आता तरी सुचू दे."

तो हसला आणि बोलू लागला. "इथे... तुझं कपाट अडकलं होतं."

"अडकलं कसलं! ओरखडा पाडलात त्याला."

"भिंत पुढे आली होती..."

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर शब्द तुटले. ओठ पुन्हा मिटले, शिरा फुगल्या. मुलगी काही बोलणार तोच बायकोने तिचा हात दाबला. ती नवऱ्याच्या पाठीकडे बघत राहिली.

मग अगदी हळू, चोरटं काही सांगावं तसं तो म्हणाला, "टेकवा."

बायकोने हातातली पिशवी खाली ठेवली. तिघंही पायरीवर बसली. क्रेन तोंड उघडून, भाता चालवावा तसा श्वास घेत राहिला. हळूहळू पोटऱ्यांतली आग विझत गेली. वर घराचं दार दिसत होतं.

"उद्याच्या त्या माणसाला काय सांगू?" बायकोने विचारलं.

"सांग, सामान हलवायचं काम मी सोडलंय," क्रेन म्हणाला. किल्लीसाठी त्याने हात पुढे केला, कठड्याला धरून उठला, आणि भिंत खरोखरच कशी पुढे आली होती ते सांगत सांगत उरलेला जिना चढू लागला.