ज्योतीरामची मूठ

चाकणच्या त्या कंपनीतल्या एसी खोलीत ज्योतीरामला घाम फुटला होता. डोक्यावर जाडजूड हेडसेट चढवायचा आणि आत जी खोटी फॅक्टरी दिसते तिच्यात तिघांनी मिळून पत्रा दाबायची प्रेस चालवून दाखवायची, एवढीच परीक्षा. पास झालेली टीम नव्या लाइनवर कायम होणार, नापासांचं कंत्राट दिवाळीला संपणार. काळेवाडीच्या खोलीत बायको कस्तुरा आज त्याच्यासाठी उपास धरून असणार, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

पण घाम परीक्षेचा नव्हता, उजव्या हाताचा होता. लातूरहून आला त्याच वर्षी पत्र्याच्या शेडातल्या एका प्रेसनं त्याची दोन बोटं नेली. तेव्हापासून हातमोजा हेच त्याचं कातडं. मोज्याच्या रिकाम्या बोटांत तो पुसायच्या चिंध्या ठासून भरायचा. कंत्राटदाराला ठाऊक होतं, कंपनीला नव्हतं. प्रेसवाल्यांत अशी चिंध्यांची बोटं काही कमी नाहीत, फक्त त्याबद्दल कुणी बोलत नाही.

हेडसेटचा कॅमेराही फसला. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी आतल्या हाताला पाच बोटं दिसली तेव्हा ज्योतीराम ती बावळटासारखा बघतच बसला होता. आयती मिळालेली बोटं कुणाला नको असतात?

"ज्योतीराम, आज खूण तुम्ही द्यायची," नेहा मॅडम म्हणाल्या. ट्रेनिंग त्यांच्याकडे होतं. "मूठ म्हणजे थांबा, उघडा हात म्हणजे चालवा. खूण उजव्या हातानं. डावा हात इमर्जन्सी बटनावर."

ट्रेनिंगचे इतके दिवस तो डाव्या हातावर निभावून नेत होता. आत्ता सांगावं, असं तोंडापर्यंत आलं आणि त्यानं गिळलं. गिळायची सवयच लागली होती त्याला.

आतली माणसं सगळी एका साच्यातली. निळे कपडे आणि चेहऱ्यावर कायमचं हसू. कोण घाबरलंय, कोण वैतागलंय, काही कळायची सोय नाही. टीममधल्या सुरजनं पत्रा ठेवायला दोन्ही हात प्रेसमध्ये घातले. प्रेस चालवायच्या बटनापाशी तिसरी, पुनम, उभी होती. ज्योतीरामनं मूठ आवळली. चिंध्या काही वाकल्या नाहीत. कॅमेऱ्याला ताठ बोटं दिसली, पुनमला उघडा हात दिसला आणि तिनं बटन दाबलं. डाव्या हातालाही काही सुचायच्या आत प्रेस खाली आली.

सगळं लाल झालं. "मेलो राव!" सुरज हसत ओरडला. पण ज्योतीराम खाली बसला होता आणि त्याच्या घशातून येणारा आवाज ऐकून सुरजचं हसणं थांबलं.

हेडसेट निघाले. ज्योतीरामनं मोजा ओढून काढला.

"मॅडम, हे असं हाय बगा. माजी चूक हाय. पोरीची न्हाई."

नेहा मॅडम त्या हाताकडे बघत म्हणाल्या, "अहो, मशीनला प्रत्येकाचा हात शिकवता येतो. मीच कुणाला विचारलं नाही. सगळ्यांचे हात सारखेच धरून चालले मी." त्यांचा चेहरा उतरला होता. "पण आता एकच संधी आहे. टीममधला माणूस बदलायची मुभा आहे. सुरज, पुनम, तुम्ही दोघं ठरवा."

ज्योतीराम फरशीकडे बघत राहिला. नको म्हणाले तर राग कसा धरणार?

"दादा, वाईट वाटून घेऊ नका," सुरज चाचरत म्हणाला. "पण माझं पण घर हाय. परत माझा हात गेला तर?"

"तुझा कुटं गेला?" पुनम उसळली. "ह्यो बघ, हाय की जागेवर! गेला त्यांचा. तुझ्या हातावर त्यांच्याइतकी नजर दुसरं कोन ठेवनार हाय?"

सुरजनं स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले आणि हेडसेट उचलला.

नेहा मॅडमनी मशीनला त्याचा हात शिकवला. आता आत गेल्यावर ज्योतीरामला स्वतःचाच हात दिसला, होता तसा. ती आयती दोन बोटं गेली त्याचं त्याला खरंच वाईट वाटलं. सुरजनं हात प्रेसमध्ये घातले. चेहरा हसरा, पण कानात त्याचा श्वास भराभर ऐकू येत होता. ज्योतीरामनं मूठ आवळली. ती मूठच दिसली.

"काढले हात," सुरज म्हणाला.

"दाखीव."

सुरजनं दाखवले. तरी मूठ उघडेना. वरच्या घड्याळातले सेकंद पळत होते आणि ज्योतीरामच्या बोटांना जणू कुणी कुलूप घातलं होतं.

"परत दाखीव."

सुरजनं पुन्हा दाखवले, चिडला असेल तर कळायला मार्ग नव्हता.

"दादा," पुनमचा आवाज आला. "मी बटनाला हात लावला न्हाई अजून. तुमी उघडल्याबिगर लावनार बी न्हाई. उघडा आता. आमाला दिसतोय तुमचा हात."

त्यानं हात उघडला.

प्रेस खाली आली आणि पत्रा तेवढा दाबून वर गेली. हिरवा दिवा लागला, सुरजनं आनंदानं शिवी हासडली, मॅडम "पास, पास" म्हणाल्या. ज्योतीरामनं तो हात खाली घेतला नाही. सगळ्यांना दिसेल असा वर धरून तो तसाच उभा राहिला.